लहान धंद्याचें खातें

वैनगंगेच्या खोऱ्यांतील एखाद्या गांवीं आठवड्याचा बाजार भरलेला असतो. झाडाखालीं बसलेल्या बुरूड कारागिरापुढें टोपल्या, सुपें, डाल्या आणि पंखे मांडलेले असतात. गिऱ्हाईक येतें, घासाघीस होते, सूप विकलें जातें आणि आलेला पैसा कारागीर कमरेच्या पिशवींत टाकतो. त्याच पिशवींतून दुपारचा चहा येतो, संध्याकाळचें तेलमीठ येतें, मुलाच्या वह्या येतात, आणि पुढच्या खेपेचे बांबूहि त्याच पिशवींतून आणावयाचे असतात. अलीकडे कांहीं गिऱ्हाइकें रोख पैसा न देतां मोबाइलवरून रक्कम पाठवितात व ती कारागिराच्या बचत खात्यांत जाऊन पडते. परंतु त्यानें पिशवी तेवढी बदलली. घरचा पैसा आणि धंद्याचा पैसा यांची सरमिसळ पूर्वींप्रमाणेंच राहिली.

वरवर पाहतां यांत वावगें कांहीं दिसत नाहीं. कष्ट ज्याचे, पैसा त्याचा. मग तो एका पिशवींत असला काय आणि दोन पिशव्यांत असला काय! परंतु हिशेब मांडून पाहिला म्हणजे खरी गोष्ट ध्यानांत येते. समजा, एका खेपेस बांबू आणि गाडीभाडें मिळून चार हजार रुपये लागले व तयार माल नऊ हजारांस विकला गेला. कारागिराची कमाई झाली पांच हजारांची. त्याच महिन्यांत घरीं पाहुणे आले, कोणी आजारी पडलें आणि साडेसहा हजार खर्च होऊन गेले. पिशवींत अडीच हजार उरले. पिशवी रिकामी नाहीं, म्हणून धंदा बरा चालला आहे असें घरांतील सर्वांस वाटतें. वस्तुतः भांडवलांतील दीड हजार रुपये खाऊन झालेले असतात. पुढच्या खेपेचे बांबू आणण्यासाठीं तेच दीड हजार व्यापाऱ्याकडून उचल म्हणून घ्यावे लागतात, आणि उचल देणारा व्यापारी माल उचलतो तो आपल्या भावानें. हातीं कसब आणि जवळ जंगल असतांहि दुसऱ्याच्या मुठींत जाण्याची पाळी पुष्कळदां अशी नकळत येते.

म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या वनप्रदेशांतील लहान धंद्यास कोणतें खातें सोयीचें, हा प्रश्न केवळ बँकेच्या खिडकीपाशीं सुटणारा नव्हे. त्याच्या पोटांत तीन प्रश्न आहेत. हा पैसा कोणाचा? तो केव्हां येतो आणि केव्हां जातो? आणि तो गेला कोठें हें कोणाकोणास पाहतां येतें? या तिहींचीं उत्तरें ज्यानें आधीं घरीं बसून ठरविलीं, त्यास बँकेंत गेल्यावर फसण्याचें कारण उरत नाहीं.

बँकेच्या दारांत पाऊल टाकतांच दोन नांवें कानीं पडतात : बचत खातें आणि चालू खातें. बचत खात्यावर व्याज मिळतें. तें किती द्यावें हें ठरविण्याची मोकळीक रिझर्व्ह बँकेनें ऑक्टोबर २०११ मध्यें बँकांस दिली. चालू खात्यावर व्याज मिळत नाहीं, आणि बहुधा त्यांत ठराविक शिल्लकहि राखावी लागते. एवढें ऐकून साधा माणूस बचत खात्याकडे वळला तर त्यांत नवल नाहीं. परंतु बचत खातें नांवाप्रमाणेंच बचतीसाठीं आहे. व्यापारी पेढीच्या नांवें तें उघडूं नये असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. चालू खात्याचें प्रयोजन निराळें. दिवसांतून अनेक वेळां पैसे भरावे-काढावे, पेढीच्या नांवानें चेक द्यावे-घ्यावे, आणि पत जमल्यावर शिलकेपेक्षां अधिक उचलण्याची सवलत मागावी, यासाठीं तें असतें.

मग रेघ ओढावी कोठें? जो कारागीर आपल्या हातचा माल बाजारांत नेऊन विकतो, तो उलाढाल घरगुती असेपर्यंत आपल्या नांवाच्या खात्यावर भागवितो. पण तो गड्यास रोज देऊं लागला, दुसऱ्यांचा माल घेऊन विकूं लागला, दुकानावर पाटी लागली, कीं चालू खात्याची वेळ झाली असें समजावें. यांत बुडणारें व्याज फार मोठें नसतें. शेंकडा तीन हा दर धरला तर दहा हजारांच्या शिलकेवर वर्षाचे तीनशें रुपये होतात. त्या तीनशें रुपयांच्या मोहानें दीड हजारांचें भांडवल कोठें गेलें याचा पत्ता लागूं नये, हा सौदा शहाणपणाचा नव्हे.

खरी घासाघीस करावयाची ती व्याजाची नसून आकाराची. किमान शिल्लक किती, आणि तिची सरासरी महिन्याची धरतात कीं तिमाहीची? ती मोडली तर दंड किती? रोख रक्कम महिन्याला किती भरली असतां आकार पडत नाहीं? चेकबुकाचे किती? दुकानांत पैसे आल्याचें मोठ्यानें सांगणारा जो लहानसा डबा ठेवतात, त्याचें मासिक भाडें किती? आठवडी बाजारावर चालणाऱ्या धंद्यांत अजूनहि पुष्कळसा पैसा रोखीनेंच येतो. त्यामुळें रोख भरण्यावर आकार घेणारें खातें शहरांतील दुकानदारास परवडलें तरी बाजारकऱ्यास महाग पडतें. दराचें पत्रक मागून घेणें आणि तें घरीं नेऊन शांतपणें वाचणें यांत संकोच वाटण्याचें कारण नाहीं.

आणखी एक खळगा आहे. पूर्ण ओळखपत्रांवांचून जें 'लहान खातें' उघडून मिळतें त्यास मर्यादा घातलेल्या आहेत : शिल्लक पन्नास हजारांपुढें जाऊं नये, वर्षभरांत एकूण जमा एक लाखापुढें जाऊं नये आणि महिन्यास दहा हजारांपेक्षां अधिक काढूं नये. कुटुंबाच्या मदतीच्या रकमेस हें खातें पुरतें. परंतु त्यांतच धंद्याचा पैसा वळविला तर नेमक्या हंगामांत खातें अडून बसतें. तेव्हां आपलें खातें कोणत्या जातीचें आहे हें धंदा सुरू करण्यापूर्वींच विचारून घ्यावें आणि कागदपत्रें देऊन तें पूर्ण करून घ्यावें.

वनप्रदेशांतील धंद्याचें दुसरें लक्षण म्हणजे हंगाम. मार्च-एप्रिलांत मोहफुलें गळतात. त्यानंतर, पाऊस लागण्यापूर्वींच्या थोडक्या आठवड्यांत, तेंदूपानांची तोडणी उरकावी लागते. सत्तर पानांचें एक पुडकें, हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी, असा हिशेब फळीवर भराभर चालतो. त्या दिवसांत गांवांत पैसा खेळतो. पुढें आषाढ-श्रावणांत धानाच्या बांधींत घरचे सर्व हात गुंततात आणि पैसा आटतो. अशा ठिकाणीं दरमहा मोठी शिल्लक मागणारें खातें घेणें म्हणजे आठ-नऊ महिने दंड भरीत राहणें होय. कमी शिलकेचें खातें घ्यावें, आणि हंगामांत आलेली रक्कम पुढच्या खरेदीपर्यंत थोड्या मुदतीच्या ठेवींत घालावी. अशा ठेवीवर व्याजहि मिळतें, आणि पाहुण्यारावळ्यांच्या खर्चापासून भांडवलाचें रक्षणहि होतें.

आतांपर्यंत विचार झाला तो एकट्या मालकाच्या धंद्याचा. परंतु या दोन जिल्ह्यांत कित्येक उद्योग एकट्याचे नसतात. दहा-पंधरा स्त्रिया मिळून मोहफुलें वाळवितात, पत्रावळी करतात, हातसडीचे तांदूळ विकतात. येथें पहिला प्रश्न, पैसा कोणाचा हा, अधिक नाजूक होतो. नाबार्डनें १९९२ सालीं बचत गटांस बँकांशीं जोडण्याचा प्रयोग पांचशें गटांपासून आरंभिला, आणि पुढच्याच वर्षीं गटांस स्वतःच्या नांवें बचत खातें उघडण्याची वाट रिझर्व्ह बँकेनें मोकळी केली; गट नोंदलेला असो वा नसो. ही सवलत साधी दिसली तरी तिचा अर्थ मोठा आहे. त्यापूर्वीं गटाचा पैसा कोणा एकीच्या, पुष्कळदां तिच्या यजमानांच्या, खात्यांत ठेवण्यावांचून गत्यंतर नसे. गटाच्या नांवाचें खातें झालें म्हणजे पैसा सर्वांचा ठरतो, आणि सह्या दोघी-तिघींच्या लागल्या म्हणजे तो सर्वांच्या नजरेखालीं राहतो.

गट दहा-पंधरांचा असतो. सारें गांवच धंद्याचें मालक झालें तर काय करावें? याचें उत्तर शोधण्याची पाळी गडचिरोली जिल्ह्यांतील एका लहानशा गोंड वस्तीवर आली. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) हें तें गांव. वनहक्क कायदा २००६ सालीं झाला, आणि त्याअन्वयें २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर या गांवाचा सामूहिक हक्क मान्य झाला. असा हक्क मिळविणाऱ्या देशांतील अगदीं पहिल्या गांवांत मेंढ्याची गणना होते. हक्क मिळाला, तरी बांबू बाहेर नेण्याचा वाहतूक परवाना मिळेना. कायद्यानें बांबूस गौण वनोपज ठरविलें होतें; वनखात्याची जुनी रीत तें इमारती लांकडांत धरण्याची. अखेर २७ एप्रिल २०११ रोजीं त्या वेळचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितींत परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झालें. पुढें बांबूच्या विक्रीचें उत्पन्न कोटीच्या पल्ल्यास गेलें.

कालपर्यंत मजुरीच्या पैशांवर जगणाऱ्या गांवाच्या दारीं एवढी रक्कम येते तेव्हां ती कोणाच्या नांवें जमा व्हावी, हा प्रश्न क्षुल्लक राहत नाहीं. पुढाऱ्याच्या नांवें ठेवली तर पुढारी मोठा होतो आणि गांव लहान होतें. वाटून टाकली तर पुढच्या वर्षीं जंगल राखावयास कांहीं उरत नाहीं. मेंढ्याच्या हातीं यावर एक जुना उपाय होता. हें गांव आपले निर्णय बहुमतानें न करतां सर्वसहमतीनें करीत आलें आहे. देवाजी तोफा यांच्यासारख्या गांवकऱ्यांनीं आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनीं चालविलेल्या अभ्यास गटांत कायदा आणि हिशेब यांची चर्चा वर्षानुवर्षें होत आली होती, आणि मजुरीचा दहावा हिस्सा गांवकोशांत घालण्याची चालहि गांवानें स्वतःस लावून घेतली होती. म्हणजे कोटीचा पैसा येण्यापूर्वीं दहा रुपयांतील एक रुपया सर्वांसमक्ष ठेवण्याचा आणि मोजण्याचा सराव झालेला होता. महाराष्ट्र शासनानें २०१४ सालीं अनुसूचित क्षेत्रांसाठीं पेसा कायद्याचे नियम केले, त्यांत 'ग्रामसभा कोषा'स स्थान मिळालें, आणि मेंढ्यासारखीं गांवें जें आधींपासून करीत होतीं त्याला नियमाचा आधार आला.

यांतून लहान धंद्यानें घ्यावयाचा धडा असा, कीं खातें ज्याच्या नांवें, सत्ता त्याच्या हातीं. भागींत धंदा असेल तर खातें भागीच्या नांवें असावें, एका भागीदाराच्या नांवें नसावें. सही एकाचीच पुरेल कीं दोघांची लागेल, हें भांडण होण्यापूर्वीं ठरवून बँकेस लेखी कळवावें. पासबुक कुलपांत न ठेवतां महिन्यांतून एकदां सर्वांदेखत वाचावें. ज्यास अक्षरओळख नाहीं त्यासहि ऐकून आंकडे कळतात.

तिसरी गोष्ट अंतराची. शहरांतील कुटुंबास बँक निवडतांना अंतराचा विचार सुचतहि नाहीं. एटापल्ली, भामरागड, सिरोंचा या भागांत तोच पहिला विचार होय. पावसाळ्यांत पर्लकोटा नदी चढली म्हणजे भामरागडची वाट तुटावी, हा तेथला वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. शाखेंत जाण्यास एक दिवस मोडत असेल तर त्या दिवसाची मजुरी आणि गाडीभाडें हेंहि त्या खात्याचें शुल्कच समजावें. गांवांत बँकमित्र कोणत्या बँकेचा येतो, मोबाइलला संदेश मिळतो कीं नाहीं, हें पाहून बँक निवडावी. टपाल खात्याची पेमेंट्स बँक सप्टेंबर २०१८ मध्यें सुरू झाली व पोस्टमनाच्या हातीं ती दारापर्यंत पोंचली. पैसे घेण्या-देण्यास ती सोयीची आहे, परंतु अशा बँकेस स्वतः कर्ज देतां येत नाहीं, आणि तींत एका खातेदाराची ठेव दोन लाखांपर्यंतच राहूं शकते. ज्यास पुढें भांडवल उभारावयाचें आहे त्यानें दुसरीकडेहि नातें जोडून ठेवावें. विदर्भांत अनेकांची खातीं विदर्भ कोंकण ग्रामीण बँकेंत होतीं. ती बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेंत सामील झाली. अशा विलीनीकरणानंतर बिलावर व पाटीवर छापलेला शाखेचा संकेतांक तोच राहिला आहे कीं बदलला, याची खात्री करून घ्यावी. नाहींतर गिऱ्हाइकाचा पैसा वाटेंतच अडकतो.

आतां सुरक्षिततेचा विचार. १९६० सालीं केरळांतील पलई सेंट्रल बँक आणि वऱ्हाडांतील, अकोल्याची लक्ष्मी बँक या दोन बँका बुडाल्या. त्या धक्क्यांतून १ जानेवारी १९६२ पासून ठेवींच्या विम्याची व्यवस्था उभी राहिली. आरंभीं ही हमी दर ठेवीदारामागें दीड हजार रुपयांची होती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती पांच लाख रुपयांची झाली. सप्टेंबर २०१९ मध्यें पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हां ठेवीदारांस प्रथम अवघे एक हजार रुपये काढण्याची मुभा मिळाली, आणि कित्येक दुकानदारांचें मालाचें पैसे देणें थांबलें. त्यानंतर २०२१ सालीं कायदा सुधारून निर्बंधांनंतर नव्वद दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली. परंतु ज्याचा धंदा आठवड्याच्या खरेदीवर चालतो त्यास नव्वद दिवसहि फार झाले.

या विम्याविषयीं दोन गोष्टी सर्वांस ठाऊक नसतात. एकाच बँकेच्या निरनिराळ्या शाखांतील ठेवी एकत्र धरल्या जातात. एकट्या मालकाच्या पेढीचें खातें आणि त्याच मालकाचें घरचें खातें यांचीहि बेरीजच होते. दुसरी गोष्ट अशी, कीं पतसंस्था ही बँक नव्हे आणि तिच्या ठेवींस हा विमा लागू नाहीं. पतसंस्था ओळखीची असते, घराजवळ असते, कर्जहि लवकर देते. तिचा उपयोग अवश्य करावा. परंतु धंद्याचें सारें भांडवल तेथें ठेवणाऱ्यानें ही गोष्ट समजून उमजून करावी.

कागदपत्रांचें भय पुष्कळांस असतें, तितकें तें खरें नाहीं. एकट्या मालकाच्या पेढीचें खातें उघडण्यास मालकाची ओळख व पत्ता, आणि धंदा चालू असल्याचे दोन पुरावे लागतात. जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी विनामूल्य होते व ती असा एक पुरावा ठरते. दुकानाची नोंद, खाद्यपदार्थ असल्यास त्याचा परवाना, असे दुसरे पुरावे चालतात. दोन मिळणें खरोखर अशक्य असेल तर जागा पाहून व खात्री करून एकावर खातें देण्याची मुभा बँकेस आहे. खात्यास वारसाचें नांव जोडण्यास विसरूं नये. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्यास चारपर्यंत नांवें लावतां येतात. मालक अकस्मात् गेला तर गड्यांची मजुरी आणि घरची चूल दोन्ही त्याच खात्यांत अडकून पडतात, हें लक्षांत ठेवावें.

आणि कर्ज? सप्टेंबर २०२३ मध्यें सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेंत टोपल्या, चटया व झाडू करणारे कारागीर अंतर्भूत आहेत. पहिलें कर्ज एक लाखापर्यंत आणि दुसरें दोन लाखांपर्यंत, शेंकडा पांच व्याजानें, अशी तिची मांडणी आहे. दुसरें कर्ज मिळण्यास पहिलें खातें नीट फेडीचें असावें लागतें, आणि शिवाय एक तर धंद्यांत डिजिटल देवघेव होत असावी लागते किंवा पुढचें शिक्षण घेतलेलें असावें लागतें. म्हणजे बाजारांत विकलेल्या सुपाचा पैसा मोबाइलवरून खात्यांत आला असेल, तर तीच नोंद पुढें कारागिराची साक्ष देते. कमरेच्या पिशवीला अशी साक्ष देतां येत नाहीं.

पुन्हां त्या झाडाखालच्या कारागिराकडे वळावें. त्यानें घरचें खातें घरापुरतें ठेवलें, धंद्यासाठीं वेगळें खातें घेतलें, आणि दर महिन्यास आपल्या मेहनतीचा ठराविक मोबदला एका खात्यांतून दुसऱ्यांत वळविला, तर पाहुणे आले त्या महिन्यांतहि बांबूचे चार हजार जागच्या जागीं राहतील. घरांत ओढाताण होईल. कदाचित् कोणापाशीं हात पसरावाहि लागेल. पण ती ओढाताण त्याच महिन्यांत उघड दिसेल आणि घरांतील सर्वांस तिच्यावर उपाय सुचेल. पुढच्या बाजारीं माल घेऊन जातांना भाव सांगण्याचा अधिकार त्याचा त्याच्यापाशीं राहील.